पाणी आणि करंट एका घरात

अण्णा, शेवटी मी वेल्डिंगला पाण्याचा टॉर्च घेतला, आत पाणी खेळवून थंड राहणारा. तुम्ही असतात तर एवढं ऐकूनच उठून शेडच्या बाहेर गेला असतात, दारात उभं राहून तंबाखू मळली असती आणि परत आत येऊन भलत्याच विषयावर बोलायला लागला असतात. तुम्हाला जाऊन आता बरीच वर्षं झाली, त्यामुळे या वेळी ऐकून घ्यावं लागेल. नाइलाज आहे, तुमचाही आणि माझाही.

माझा नाइलाज असा की उजव्या हाताचा अंगठा आणि त्याच्या शेजारची दोन बोटं बधिर होत चालली आहेत. मला ते शेडमध्ये नाही, घरी कळलं, रावेतच्या फ्लॅटच्या स्वयंपाकघरात. गॅसवर फुलका उलटत होते आणि जळल्याचा वास आला. मी फुलक्याकडे बघितलं तर तो व्यवस्थित होता. ह्यांनी मागून हात धरून ओढला तेव्हा समजलं की जळत होतं ते माझं बोट. वास आधी आला आणि चटका आलाच नाही. पिंपळे सौदागरच्या डॉक्टरांनी मला भिंतीकडे बघायला सांगून बोटांना सुई टोचली आणि दर वेळी विचारलं, "आता कळतंय?" मी बऱ्याचदा नाही म्हणाले. मग ते शांतपणे म्हणाले, उष्णता आणि घट्ट मूठ, दोन्ही कमी करा, नाहीतर काम सोडा. असंच चाललं तर हातात टॉर्च असेल, पण तो आहे हे बघितल्याशिवाय समजणार नाही. काम सोडून मला दुसरं येतं काय? पोळ्या येतात, आणि त्याही आता डोळ्यांनी बघून भाजाव्या लागतात.

बघितल्याशिवाय समजणार नाही, हे वाक्य मी घरी येईपर्यंत मनात घोळवत होते, कारण तसा एक हात मी आधी पाहिलेला होता. तुमचा. भोसरीच्या शेडमध्ये तुमचा तो कोरडा टॉर्च, येणाऱ्या गॅसवर आणि बाहेरच्या वाऱ्यावर जेवढा थंड होईल तेवढाच होणारा. पातळ पत्र्याला ठीक होता. जाड जॉब आला, करंट वाढवला, की मूठ तापायची. मी शेजारी उभी राहून बघायचे. हातमोज्याचं चामडं आकसायला लागलेलं असायचं तरी तुम्ही थांबत नसायचात. मी म्हणायचे, अण्णा, जरा थांबा की. तुम्ही तोंडावरची काच खाली ठेवूनच आतून बोलायचात, "थांबलं की वेल्डात दिसतंय बघ. गिऱ्हाइकाला दिसत नसंल, मला दिसतंय." मग संध्याकाळी घरी निघताना भोसरीचा रस्ता ओलांडायला तुम्ही माझा हात धरायचात आणि तुमचा तळवा गरम असायचा. थंडीत तर मी मुद्दाम रस्ता ओलांडून झाल्यावरही हात सोडायचे नाही. मला कितीतरी वर्षं वाटायचं की बापाचे तळवे गरमच असतात, देवानेच तशी सोय केलेली असते. टॉर्चचा आणि त्याचा संबंध मला खूप उशिरा लागला.

पाण्याचा टॉर्च तेव्हाही मिळत होता. एक विक्रेता तुमच्याकडे तो दाखवायला आला होता, तुम्ही त्याला चहा पाजून वाटेला लावलंत. मला कारण ठाऊक होतं. मी कॉलेजात असताना एकदा उन्हाळ्यात वेल्डिंगच्या टेबलावर पाण्याची बाटली ठेवली होती. तुम्ही येता, बाटली उचलता आणि दारातून सरळ बाहेर फेकता. शेजारच्या शेडमधली माणसं बघायला येतात. मग तुम्ही माझ्याकडे वळता आणि अगदी हळू आवाजात म्हणता, "पाणी आन् करंट एका घरात नांदत नसतेत. ध्यानात ठेव, माय." मला इतका राग आला होता की मी दोन दिवस जेवताना तुमच्याशी बोलले नाही. मग आईने सांगितलं. माझ्या जन्माच्या आधी, तुम्ही बीडहून नवे नवे आलेले असताना, ओल्या फरशीवर वेल्डिंग करताना दोघांना करंट लागला होता. तुम्ही उठलात, शेजारचा उठला नाही. तेव्हापासून रोज काम सुरू करायच्या आधी तुम्ही गोणपाटाने फरशी पुसायचात, भर उन्हाळ्यात, कोरडी ठणठणीत असली तरी. मी आजही पुसते. शेड आता चाकणला आहे, फरशीला गुळगुळीत रंग दिला आहे, छप्पर गळत नाही, तरी पुसते.

आता माझ्याकडे काम कसलं आहे ते सांगते. बॅटरीवर चालणाऱ्या बसमध्ये बॅटरीखाली ॲल्युमिनियमचा मोठा ट्रे बसतो. त्याचे वेल्ड लांब असतात आणि ॲल्युमिनियम उष्णता पिऊन टाकतं, म्हणून करंट भरपूर लागतो आणि सारखा लागतो. इतकी वर्षं मी तुमचाच टॉर्च चालवत होते, त्यावर अर्धा वेल्ड झाला की थांबावं लागत होतं. मी थांबत नव्हते, हे वेगळं सांगायला नको. ज्याचं जळतं त्याला कळतं म्हणतात, पण आपल्या घरात ती म्हण कधी लागू पडली नाही.

चिंचवडच्या दुकानात गेले तर काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "ताई, एकदा वेल्डरलाच घेऊन या ना. नाहीतर मिस्टरांना फोन लावून द्या, त्यांना कुठला लागतो ते विचारतो." मी म्हटलं, "मिस्टर बँकेत आहेत. त्यांना फोन लावलास तर ते तुला लॉकर देतील." मग त्याने दोन टॉर्च पुढे ठेवले. एक जास्त करंट झेपणारा, पण डोकं मोठं. दुसरा जरा कमी झेपणारा, डोकं लहान, मान हवी तशी वळणारी. तुम्ही असतात तर मोठाच उचलला असतात, हत्यार कमी पडता कामा नये म्हणून. मी माझ्या कामाला लागणारा करंट सांगितला, वर थोडी सवड धरली, आणि मग दोन्ही टॉर्च डोळे मिटून हातात धरून पाहिले. डाव्या हातात, कारण उजव्याचं मत विचारण्यात अर्थ नव्हता. लहान डोक्याचा धरायला मूठ आवळावी लागत नव्हती. तो घेतला. वायर ट्रेच्या दुसऱ्या टोकापर्यंत पोचेल एवढीच लांब घेतली, जास्त नाही. जास्तीची वायर म्हणजे दिवसभर मनगटाला लोंबणारं ओझं.

आता जे सांगणार आहे ते तुम्हाला आवडणार नाही. या टॉर्चमध्ये करंटची तार पाण्याच्या नळीतूनच जाते, अण्णा. शेजारून नाही, आतून. सोबत पाणी गार करणारा कुलर असतो, त्यातला पंप थंड पाणी एका बारीक नळीतून थेट टॉर्चच्या डोक्याकडे पाठवतो, तिथली उष्णता घेऊन ते पाणी दुसऱ्या नळीतून परत येतं, आणि त्याच परतीच्या नळीत तांब्याची तार असते. येता येता पाणी तारेलाही थंड ठेवतं, म्हणून तार बारीक चालते आणि सगळं हलकं होतं. मी ते दुकानात ऐकलं तेव्हा हातातला टॉर्च परत काउंटरवर ठेवला. फरशी ओली झाली तर, नळी फुटली तर, सगळं विचारून घेतलं. त्या मुलाने कंटाळून शेवटी म्हटलं, "ताई, एवढं लग्नाच्या वेळी तरी विचारलं होतं का?" नव्हतं विचारलं, हे खरं आहे.

जोडणी मी स्वतः केली. शेडमध्ये ग्राइंडिंगला एक काका आहेत, चाकणजवळच्याच गावचे. जमीन कंपन्यांत गेली, उरलेल्या तुकड्यात कांदा करतात आणि दिवसा माझ्याकडे वेल्ड घासतात. ते नारळ घेऊन उभे होते. या टॉर्चला गॅसच्या नटाचे आटे सरळ आणि पाण्याचे उलटे असतात, चुकूनही एकाचं दुसऱ्याला बसू नये म्हणून. गॅसची नळी लावली. मग करंटवाली जाड नळी पितळेच्या एका तुकड्याला जोडली; तिथे मशीनमधून करंट आत येतो आणि पाणी बाहेर पडून कुलरकडे जातं. मशीन जुनं, तुमच्याच वेळचं, म्हणून तो तुकडा वेगळा आणावा लागला होता. कुलरची टाकी उघडी ठेवून मी पान्हा घ्यायला वळले, तेवढ्यात काकांनी नारळ फोडला आणि वाटी टाकीवर धरली. मी त्यांचं मनगट पकडलं.

"अवं ताई, पानीच पायजे ना ह्याला? पयलं पानी नारळाचं असू द्या की," काका म्हणाले.

"काका, ह्यात बॅटरीत घालतात ते शुद्ध केलेलं पाणीच घालायचं. बोअरचं सुद्धा नाही, आत क्षार धरतो."

"देवाच्या पान्याला कसला आलाय क्षार?" असं म्हणून त्यांनी नारळपाणी स्वतः पिऊन टाकलं, कुलरला हळदीकुंकू लावलं आणि नाराज होऊन बाजूला बसले.

पाणी भरलं, पंप सुरू केला, नळ्यांचा एकेक सांधा बोटाने नाही, कागदाने पुसून बघितला, कुठे ओल नाही. फरशी पुन्हा पुसली. गॅस सोडून टॉर्च गालाजवळ धरला, तुम्ही शिकवलं होतंत तसा. गालाला गार फुंकर लागली. काच खाली घेतली आणि ट्रेच्या एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत न थांबता गेले. वेल्ड सुरेख आला, तुम्ही नाक मुरडलं नसतं असा. मी काच वर केली आणि काकांना म्हटलं, बघा, हात अगदी गार आहे. काका उठले, बारीक नळीला हात लावला आणि झटकन मागे घेतला. "ताई, ही नळी तापलीया की. तुमास्नी कळंना व्हय?"

मी हातमोजा काढून उजव्या हाताने नळी धरली. गार वाटली. डाव्या हाताने धरली तर चांगली गरम होती. चूक सापडायला वेळ लागला नाही. कुलरवरची पाणी जायची आणि यायची तोंडं सारखीच असतात, तिथे मी नळ्या अदलाबदल केल्या होत्या. पाणी उलटं फिरत होतं, आधी तारेवरून तापत जाऊन मग डोक्याशी पोचत होतं. नळ्या बदलणं हे चहा उकळेपर्यंतचं काम. पण मी स्टुलावर बसून राहिले आणि काका चहा सांगायला गेले.

पिंपरीच्या हॉस्पिटलमधली ती दुपार आठवत होती. तुम्ही खिडकीकडे तोंड करून पडला आहात. मी तुमचा उजवा हात दोन्ही हातांत घेऊन बराच वेळ बसले आहे. बोटं दाबते आहे. तुम्ही तसेच बाहेर बघता आहात, आणि मग सहज विचारता, "कुठं गेलीस ग?" मी म्हणते, "इथेच आहे अण्णा, हात धरलाय ना तुमचा." तुम्ही मान वळवता, खाली बघता, तुमचा हात माझ्या हातात दिसतो, आणि मग तुम्ही म्हणता, "हां, कळतंय की." तुमचे डॉक्टर म्हणाले होते, साखरेमुळे असं होतं. साखर होतीच. टॉर्चही होता. त्या दुपारचं मला अजून वाईट वाटतं. हात कळला नाही याचं नाही एवढं. तुम्ही माझ्यासाठी खोटं बोललात त्याचं.

नळ्या बदलल्या. दुसरा ट्रे लावला, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मग डाव्या हाताने नळी बघितली, मूठ बघितली, डोक्याच्या मागची बाजू बघितली. सगळं थंड. पाणी आणि करंट एका घरात नांदतात, अण्णा, आधी कोण जाणार हे ठरलेलं असलं की नांदतात. तेव्हापासून रोज तोच टॉर्च आहे. बोटं परत येतील की नाही ते डॉक्टर सांगत नाहीत. आहे तेवढं बहुतेक टिकेल म्हणतात. तेवढ्यावर माझं काम चालेल. एवढं मात्र खरं की थंड मुठीची सवय व्हायला वेळ लागला. पहिल्या दिवशी तर दचकायला झालं होतं. तुमचा तळवा मी थंड असा एकदाच धरला होता, आणि त्यानंतर तुम्हाला घरी नेलं ते खांद्यावरूनच बाहेर काढायला.

हे पाठवायचा प्रश्नच नाही, म्हणून नव्या टॉर्चच्या रिकाम्या खोक्यात ठेवते आहे. त्या खोक्यात खरं तर तुमचा टॉर्च ठेवून द्यायचा होता, तसं मी डॉक्टरांनाही सांगून आले आहे. पण तो अजून बाहेरच आहे. सकाळी काका यायच्या आधी, थंडी असली की, मी एखाद्या भंगार तुकड्यावर त्याने थोडं वेल्डिंग करते. मूठ गरम होईपर्यंतच. हातमोजा न घालता, डाव्या हाताने. त्याला अजून कळतं.