विकायच्या गाडीचं गिअर ऑइल

रविवार, संध्याकाळ. अमरावती

उद्या अकोल्याचा माणूस गाडी न्यायला येणार, म्हणून आज गिअरचं ऑइल बदलून घेतलं. जुनं निघालं ते डांबरासारखं काळं, जळका वास. किती वर्षं तपासलंच नव्हतं मी? गिअर बदलताना धक्का बसायचा आणि मागे बसलेली आई पुढची सीट घट्ट धरायची. "कंबर दुखते रे, गाडी दाखव ना कोनाले." मी म्हणायचो, जुनी गाडी आहे, चालायचंच.

संध्याकाळी तिला बडनेऱ्यापर्यंत चक्कर मारून आणली. गाडी इतकी मऊ चालली की मलाच खरं वाटेना. आई म्हणाली, "विकाले काढली तवा बरी केली."

खरंच आहे. तिच्या कमरेसाठी नाही केलं.

एकही धक्का बसला नाही. तरी घरी येईपर्यंत तिनं पुढची सीट सोडली नाही.