सोपं पडेल असं नाव

बाबा, तुम्ही गेलात तेव्हा मी इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला होते. त्याला पंधरा वर्षं झाली. तुम्हाला सांगण्यासारखं या काळात बरंच घडलं, पण सांगावंसं कधी वाटलं नाही. आज वाटतंय, कारण संक्रांतीला मी एक गोष्ट केली आणि ती ऐकून आई म्हणाली, "बापाची लेक शोभतेस." ते कौतुक नव्हतं.

मी लग्न केलं आहे. गेल्या वर्षी, रजिस्टर पद्धतीने. तो घानाचा आहे. एम.टेक.साठी बेंगळुरूला आला आणि राहिला. कृत्रिम पाय बनवणाऱ्या कंपनीत डिझाइन करतो. मी मोजमापाची उपकरणं तपासण्याच्या लॅबमध्ये आहे. एखादं उपकरण जो आकडा दाखवतं तो खरा आहे का, हे ठरवून सर्टिफिकेट द्यायचं, हे माझं काम. तो वजन मोजणारा एक सेन्सर तपासायला घेऊन आला होता. सर्टिफिकेट घेऊन लोक जातात. तो थांबला आणि म्हणाला, तुमच्या स्वतःच्या यंत्रात चूक किती असू शकते? हा प्रश्न तुम्हाला आवडला असता. माणूस आवडला असता का, याबद्दल मी खात्रीने काही लिहू शकत नाही.

कारखान्याने तुम्हाला दोन वर्षं इंग्लंडला पाठवलं तेव्हा मी सात वर्षांची होते. घरमालकीण खाली राहायची, आपण वर. फोडणीचा वास तिच्या पडद्यांना लागतो म्हणून ती एकदा जिना चढून आली, आणि तुम्ही तिची दोनदा माफी मागितलीत. त्या दिवसापासून आई सकाळी सहाला, ती उठायच्या आत, खिडकी सताड उघडून भाजी फोडणीला टाकते. बाहेर बर्फ आहे. आईच्या अंगात तुमचा स्वेटर, डोक्याला मफलर, आणि मोहरी तडतडायला लागली की ती कढईवर झाकण दाबून धरते, आवाज होऊ नये म्हणून. वासाचं ठीक आहे, पण आवाजाबद्दल कोणी काही बोललेलं नव्हतं.

बसस्टॉपवरचा म्हातारा आठवतो का? आईच्या साडीकडे बघून तो म्हणाला, घरचा पडदा गुंडाळून आलीस का. तुम्ही त्याच्याबरोबर हसलात. आईने विचारलं, "काय म्हणतात ते?" तुम्ही म्हणालात, "साडी छान आहे म्हणताहेत." आईने त्याला हसून मान डोलावली. मला तोवर शाळेत इंग्रजी कळायला लागलं होतं. घरी गेल्यावर मी आईला खरं काय ते सांगितलं. त्यानंतर साडीवर तुमचा लांब कोट घातल्याशिवाय ती कधी बाहेर पडली नाही, उन्हाळ्यातसुद्धा. आणि तो फोन. कोणीतरी एका इंग्रजी नावाच्या माणसाला विचारत होतं, आईने "राँग नंबर" म्हणून ठेवून दिला. तो तुमच्याच साहेबाचा होता. ऑफिसात तुम्हाला त्या नावाने हाक मारतात हे तिला वर्षभर माहीत नव्हतं.

माझ्या नावाचीही शाळेत पहिली दोन अक्षरं तेवढी ठेवली होती. मी बाईंना सांगितलं, हे माझं नाव नाही, आणि हाकेला ओ देणं बंद केलं. त्यांनी तुम्हाला बोलावून घेतलं. घरी येऊन तुम्ही मला स्वयंपाकघरात उभं केलंत. आवाज चढवला नाहीत. "नाव म्हणजे हाक मारायची सोय. त्यांच्या तोंडाला सोपं पडेल ते द्यायचं आणि पुढे जायचं. आपण इथे पाहुणे आहोत." आई कणीक मळत होती. मान वर न करता तिने विचारलं, "आणि आपल्या तोंडाचं काय?" दुसऱ्या दिवसापासून मी ओ द्यायला लागले.

हेच तुम्ही, बेंगळुरूला परत आल्यावर, मला एकदा कारखाना दाखवायला नेलंत. टेबलावर पितळेचा एक भाग होता. तुमच्या हाताखालच्या माणसाने हसत म्हटलं, "सार, स्वल्प जास्ती आहे, बसून जाईल." तुम्ही तो उचलून लाल पेटीत टाकलात. "बसून जाईल म्हणजे काय? बरोबर आहे की नाही, एवढंच सांग." मी मोजमापाकडे वळले ती त्या दिवसामुळे, असं मी मुलाखतींमध्ये सांगते आणि ते खरं आहे. पण त्या माणसाला मिळालं तसं उत्तर बसस्टॉपवरच्या म्हाताऱ्याला का मिळालं नाही, हा प्रश्न मी तुम्हाला वेळेवर विचारला नाही.

सर्जापूर रोडला घर शोधताना फोनवर सगळे खूश असायचे. महाराष्ट्रीयन, दोघं नोकरीवाले, व्हेजिटेरियन का? या, या. आणि तो माझ्यामागून जिना चढून आला की फ्लॅट भाच्याला द्यायचं ठरलेलं असायचं. एका बाईंनी त्याच्या देखतच मला विचारलं, "आईवडिलांना माहीत आहे का?" तो कानडीत म्हणाला, "अम्मा, हिच्या आईनेच मला हा शर्ट घेतलाय." तो माझ्यापेक्षा चांगलं कानडी बोलतो. रिक्षावाले त्याच्यावर खूश असतात, आणि घर त्याला कोणी देत नाही. शेवटी मी एकटी गेले, घर पाहिलं, आणि भाडेकरार एकटीच्या नावावर केला. त्याला म्हटलं, "सध्या हे सोपं आहे. नंतर तुझं नाव घालू." तो कानडीत म्हणाला, "सरी." ठीक आहे.

करारात नाव नाही म्हणून रहिवाशांच्या यादीत नाही, आणि यादीत नाही म्हणून गेटवर रोज पाहुण्यांच्या वहीत नोंद. सिक्युरिटीवाला ओशाळून म्हणायचा, "सर, एंट्री." पहिल्या आठवड्यात नवरा मला म्हणाला, "मी इथे राहतो." मी म्हटलं, "सही करायला किती वेळ लागतो?" मग तो सही करायला लागला.

संक्रांतीला आमच्या टॉवरमधल्या मराठी बायकांनी हळदीकुंकू ठेवलं. पाचव्या मजल्यावरच्या काकूंकडे, त्या मूळच्या पुण्याच्या. मला लिफ्टमध्ये गाठून त्यांनी बोलावलं. नवरा त्या आठवड्यात कामासाठी चेन्नईला होता. आम्हा दोघांना एकत्र अजून कोणी पाहिलेलं नव्हतं. मला जावंसं वाटलं. तुम्ही गेल्यावर आईला हळदीकुंकवाची बोलावणी आली नाहीत, आणि तिच्याबरोबर मीही जायची थांबले. पंधरा वर्षांनी कोणीतरी माझ्या हाताला अत्तर लावत होतं. मी आईची हिरवी साडी नेसले होते.

काकू त्यांच्या मुलीबद्दल सांगत होत्या. ती जावयाबरोबर कॅनडात असते. "दुकानात रांगेत उभी होती गं, एक बाई तिला म्हणते, तुमच्या देशात परत जा. पोटुशी पोर माझी! घरी येऊन रडली नुसती." सगळ्या हळहळल्या. कोणी म्हणालं, माणुसकी म्हणून काही राहिली नाही. मग वाटी पुढे सरकवत दुसरी एक म्हणाली, "आपल्याकडे तरी काय कमी आहे? तो काळा हल्ली आपल्या टॉवरमध्ये दिसतो, पाहिलात का?" काकू म्हणाल्या, "अगबाई, परवा लिफ्टमध्ये होता की! मी आपली तिसऱ्यालाच उतरले. दोन मजले जिना चढले या गुडघ्यांनी." सगळ्या हसल्या. "येतो कोणाकडे पण?" "वहीत बघायला हवं." "असली माणसं काय धंदे करतात, ठाऊक आहे ना?" माझ्या तोंडात तिळाची वडी होती. ती चावून गिळेपर्यंत मला वेळ होता. पुरेसा वेळ होता.

"चला, आता नव्या मंडळींचा उखाणा!" सगळ्यांची तोंडं माझ्याकडे वळली. एकीने फोन धरला. आणि मी म्हटलं, चांदीच्या वाटीत हलव्याचे खडे, अमुकरावांचं नाव घेते तुम्हा सगळ्यांपुढे. ते नाव इथे लिहीत नाही. आपल्या शाळांच्या कुठल्याही हजेरीपटात दोनदा सापडेल असं होतं. मी अडखळले नाही. टाळ्या झाल्या. काकू म्हणाल्या, "गोड घेतलंस हो." वाण म्हणून चहाची गाळणी मिळाली.

तो चेन्नईहून आला तेव्हा गाळणी ओट्यावर होती. हळदीकुंकू त्याला माहीत आहे, आणि उखाणाही. रजिस्ट्रारच्या ऑफिसबाहेर आईने त्याला घ्यायला लावला होता. तळहातावर रोमन अक्षरांत लिहून आणलेला, माझ्या पूर्ण नावासकट, आडनाव धरून. क्लार्क लोक बाहेर येऊन ऐकत होते. त्याने हसत विचारलं, "मग, माझ्यासाठी घेतलास का?" व्हिडिओ ग्रुपवर आलेला होता. मी दाखवणार नाही म्हणाले असते तर चाललं असतं, पण मी फोन दिला. का दिला, मला सांगता येत नाही. त्याने तो दोनदा ऐकला.

"हा कोण आहे?"

मी म्हटलं, "त्यांना सोपं पडावं म्हणून."

त्याने फोन गाळणीशेजारी ठेवला. मग म्हणाला, "गेटवरच्या वहीत एक रकाना आहे. कोणाला भेटायचं आहे. मी तिथे रोज तुझं नाव लिहितो. सिक्युरिटीवाला म्हणतो, सर, फ्लॅट नंबर लिहिला तरी चालतं. मी नाव लिहितो. सगळं."

तो भांडला नाही. दोन दिवसांनी बॅग घेऊन बनशंकरीला, आपल्या जुन्या घरी गेला, आईकडे. मला वाटलं आई समजूत घालून परत पाठवेल. तिचा फोन आला, "तुझ्या बाबांची खोली दिली आहे त्याला. तू मध्ये पडू नकोस." आता तो तुमच्या टेबलावर काम करतो. कंपनीबरोबरचा त्याचा करार या महिन्याच्या शेवटी संपतो. पुढची तीन वर्षं इथे राहायचं की घानाला, आक्राला परत जायचं, हे त्याला तोवर कळवायचं आहे. मी विचारलं, काय ठरवलंस? तो म्हणाला, "तुझ्या घरी मी कोण आहे, ते तू ठरव. मग मी ठरवतो." आवाजात राग नव्हता. राग असता तर मला काही करता आलं असतं.

म्हणून आज, रविवारी सकाळी, मी पाचव्या मजल्यावर गेले. काकू गवार मोडत बसल्या होत्या. मी उभ्याउभ्याच सांगितलं, "संक्रांतीला मी जे नाव घेतलं ते माझ्या नवऱ्याचं नाही. लिफ्टमध्ये ज्याला पाहून तुम्ही उतरलात, तो माझा नवरा आहे."

काकूंचे हात थांबले. त्यांचा चेहरा आधी पांढरा झाला, मग लाल. "अगं, मग तेव्हाच नाही का सांगायचं? आम्ही काय काय बोलून गेलो." मी म्हटलं, "म्हणूनच नाही सांगितलं." त्यांनी हातातली शेंग खाली ठेवली. मग म्हणाल्या, "माझ्या लेकीला तिकडे जे झालं ते... नाही, राहू दे. त्या गोष्टीचं नाव काढायचं तोंड नाही मला आज." आणि थोड्या वेळाने, खालच्या आवाजात, "चैत्रातल्या हळदीकुंकवाला ये हं. उखाणा मात्र तेव्हा आपण कोणालाच घ्यायला लावायचा नाही." त्यांना ते औदार्य वाटत होतं.

पण त्या उठल्या, चष्मा लावला, कॅलेंडरमागचा पेन काढला. "सोसायटीचे सेक्रेटरी आमच्या ह्यांचं ऐकतात. गेटवरची सही उद्यापासून बंद. सांग, पूर्ण नाव सांग त्यांचं." गवारीच्या देठांचा कागद उलटा करून, पेन टेकवून त्या थांबल्या.

बाबा, त्याच्या नावात चार शब्द आहेत. मी ज्या नावाने त्याला हाक मारते ते पहिलं. आम्ही पहिल्यांदा चहाला गेलो तेव्हा त्यानेच सांगितलं होतं, हे म्हण, तुला सोपं पडेल. मला बरं वाटलं होतं. घरी त्याला दुसऱ्या नावाने हाक मारतात, तो जन्मला त्या वाराचं नाव असतं ते. लग्नाच्या सर्टिफिकेटवर मी त्याचं स्पेलिंग तीनदा तपासलं होतं. काकूंना म्हटलं, "मेसेज करते." खाली येऊन कागद काढला, बघून टाइप केलं आणि पाठवलं. मग स्वयंपाकघरात उभी राहून मोठ्याने वाचायला गेले आणि दुसऱ्या शब्दावर अडकले. जोर कुठे द्यायचा ते मला माहीत नाही. ओळखीच्या तीन वर्षांत मी विचारलेलं नाही.

आईला फोन केला. तिला येतं, ती त्याला त्याच नावाने हाक मारते, हे मला आज कळलं. मी म्हटलं, एकदा म्हणून दाखव. ती म्हणाली, "मी कशाला? हा काय, समोरच बसलाय. देऊ का त्याला?"

मी म्हटलं, नको, नंतर करते. मग तुम्हाला लिहायला बसले, कारण त्याचं नाव काय, हे तुम्ही विचारणार नाही. दुपारचे तीन वाजून गेले आहेत आणि मी अजून फोन केलेला नाही.