मंगळवारचा चार नंबर

सोम. ३ नोव्हें.
डोंबिवलीच्या डायलिसिस केंद्रात मीटिंग. पंधरा वर्षांपूर्वी माझ्या नवऱ्याने, श्रीने, आणि मी रविवार घालवून पेशंटच्या पाळ्या लावणारा प्रोग्रॅम लिहून दिला होता. तो आता अडखळतो. नवी प्रोग्रॅमर केतकी, माझ्या भाचीच्या वयाची, म्हणते डागडुजी पुरे, कोऱ्या पानावरून लिहू. विश्वस्तांनी निर्णय माझ्यावर टाकला. दोन आठवडे.
मी म्हटलं, आहे तोच दुरुस्त करू. कारण नीट देता आलं नाही. श्रीला जाऊन तीन वर्षं झाली, आणि तो कोड म्हणजे त्याचं अक्षर. हे मीटिंगमध्ये कसं सांगणार...

गुरु. ६
वर्तकनगरला, घरीच. कोड वाचतेय. मधे मधे श्रीच्या टिपा, रोमन लिपीत मराठी. "इथे हात लावण्याआधी चहा प्यावा." हसले. मग बराच वेळ पुढचं वाचवेना.
शाळेत नन पान फाडू द्यायच्या नाहीत. चूक एका रेघेने खोडायची, खालचं वाचता आलं पाहिजे. हाताला तेच वळण.

सोम. १०
केतकीने नवा नमुना दाखवला. देखणा, झटपट. कबूल केलं. पण लांब खडवलीहून येणाऱ्या पवारबाईंना त्याने पहाटे सहाची पाळी दिली. केंद्रातल्या जुन्या नर्स मंदाताई म्हणाल्या, "त्यांना काय विमानाने आणायचं?" आमच्या जुन्या प्रोग्रॅममध्ये गाव खडवली असलं की पहिली पाळी टळते, श्रीने पेशंटना विचारून लिहिलेलं. केतकी खजील झाली. मला आनंद झाला. नको तितका.

मंगळ. ११
केतकीने विचारलं, काकू, मंगळवारी दुपारी चार नंबरचं मशीन रिकामं का? मंदाताई म्हणाल्या, त्याचा उपास असतो. तिथे सगळे तसंच म्हणतात. मशीनला विश्रांती द्यायची असेल, असं धरून चाललेले.
ओळ सापडली. खाली श्री: "जोशी सरांसाठी राखीव. विचारल्याशिवाय काढू नये."
सर त्याचे शाळेतले. त्यांना जाऊन सात वर्षं झाली. आम्ही दोघं स्मशानात गेलो होतो.
सात वर्षं, दर मंगळवारी. आणि आठवड्याला एकच पाळी मिळणाऱ्या, दुसरीसाठी थांबलेल्या माणसांची यादी तिथेच भिंतीवर.
श्री विसरला, की त्याचा हात धजला नाही? कुणाला विचारू.
केतकीने ओळीचा नंबर वहीत उतरवून घेतला. मला काही बोलली असती तर बरं झालं असतं. मंदाताई एवढंच म्हणाल्या, "त्यांनी मायेने ठेवलं. आम्ही उपास उपास करत हसत बसलो."

शनि. १५
ती ओळ मीच काढली. यादीतले पहिले, कल्याणचे एक रिक्षावाले, त्यांना मंगळवार मिळाला. माझे आभार मानत होते. वर बघवेना.
आता तिघी एकेक ओळ वाचतोय. हे का? तो माणूस अजून येतो का? काही मंदाताईंना ठाऊक, काही कुणालाच नाही.
केतकी म्हणाली, "काकू, नव्यात मी हे सगळं घालेन. फक्त का आहे ते सांगा."
निम्म्याचं मलाच माहीत नाही. तिला सांगितलं तसं. दुरुस्त करायचं म्हटलं तरी इथेच अडणार.
संध्याकाळी विश्वस्तांचा फोन. काय ठरलं? म्हटलं, वाचून होऊ दे. म्हणाले, होऊ दे, पण यादी थांबत नाही.
शंभरेक ओळी उरल्यात. उद्या रविवार. मंदाताई सुट्टी मोडून येतायत.