रिव्हरसाइडचा एकच खेळ

न्यूहॉल, कॅलिफोर्निया
ऑक्टोबर १९७३

प्रिय व्हर्जिल,

नाताळ नसताना माझ्या घरचं पाकीट पाहून तुला वाटलं असेल, हॉबर्ट गेला आणि मार्डेलने कळवलंय. तसं काही नाही. मी आहे. गुडघे गेले, उजवा कान गेला, घोड्यावर चढायचं म्हटलं तर आता शिडी लागते, पण आहे. आणि नवल म्हणजे, मला काम आलंय. गोळी खाऊन जिन्यावरून गडगडायचं काम नव्हे, बोलायचं काम! एक म्हातारा घोडागाडीवाला, सिनेमाच्या सुरुवातीपासून शेवटापर्यंत जिवंत, आणि मध्ये पोराच्या कबरीपाशी दोन पानं भरून एकटा बोलतो. आयुष्यभरात मला सलग चार वाक्यं कोणी दिली नव्हती, तुला ठाऊकच आहे. आता या वयात दिली, तर मी आनंदाने नाचायचं सोडून गेला आठवडाभर नुसता दमून बसलोय. ते का, हे सांगायलाच लिहायला बसलो. पण जरा धीर धर, थेट मुद्द्यावर येणं मला कधीच जमलं नाही.

इकडची खबर विचारशील तर फारशी चांगली नाही. आपलं ते शूटिंगचं रँच विकलं गेलं. खोट्या दुकानांची ती सगळी गल्ली गेल्या महिन्यात बुलडोझरने सपाट केली. तिथे घरं होणार आहेत. ज्या दारूच्या गुत्त्याच्या दारात मी इतक्यांदा मेलो, तिथे आता कुणाची तरी मोटार उभी राहील. सकाळी कॉफीला आपली मंडळी अजून जमतात, पण एका टेबलाभोवती मावतात. काउबॉयचे सिनेमे कोणाला नकोत, सगळ्यांना पोलीस आणि गाड्यांचे पाठलाग हवेत. आपल्या लेम्युएलला कुत्र्यांच्या खाण्याच्या जाहिरातीत घेतलंय, आणि आम्ही सगळे त्याच्यावर जळतो. आता यावरून काय ते समज. मी तर घरात सांगून टाकलं होतं की माझं संपलं, खोगीरसुद्धा विकून टाका. मार्डेल म्हणाली, “घेणार कोण ते? तुझ्याइतकंच झिजलंय.”

अशात एका दुपारी डेनिस व्हिटाकर नावाचा तरुण दारात येऊन उभा राहिला. खांद्यापर्यंत केस, पायात चपला. मला वाटलं, कसली तरी वर्गणी मागायला आला असेल. निघाला दिग्दर्शक. मार्डेलने पीचचा केक कापला, मी कॉफी ओतली, आणि तो माझ्याकडे असं काही बघत बसला की मला अवघडायला झालं. मग म्हणाला, “सर, तुमच्यामुळे मी या धंद्यात आलो.” खरं सांगतो, मी मागे वळून पाहिलं, आणखी कोणी आलंय का म्हणून. मला आजवर लोकांनी “तुम्हाला कुठेतरी पाहिलंय, तुम्ही दूध टाकायला यायचात का?” एवढंच विचारलेलं.

तो सांगू लागला. नऊ वर्षांचा असताना मामाने त्याला रिव्हरसाइडला एका सिनेमाला नेलं होतं. त्यात एक दाढीवाला म्हातारा पोराला पुरून परत येतो, शेकोटीपाशी बसतो आणि सवयीने दोन कप काढून दोन्हींत कॉफी ओततो. मग दुसऱ्या कपाकडे त्याचं लक्ष जातं. तो रडत नाही, ओरडत नाही, कॉफी फेकूनही देत नाही. पोराच्या बुटांबद्दल काहीतरी साधंसुधं बोलत राहतो आणि दोन्ही कप पिऊन टाकतो, एकामागून एक. डेनिस म्हणाला, “त्याच वर्षी माझे वडील वारले होते, सर. घरात कोणी त्यांचं नाव काढत नव्हतं. दुःख म्हणजे काय ते मला त्या दोन कपांनी सांगितलं.” मोठा झाल्यावर त्याने तो सिनेमा शोधून काढला, जिथे लागेल तिथे जाऊन पाहिला. तो सीन कुठेच नव्हता. लोक म्हणाले, तुला स्वप्न पडलं असेल. सीन कुणी केला ते नाव तरी मिळावं म्हणून त्याने नटांची यादी तपासली. उरलेल्या सिनेमात दाढीवाला म्हातारा एकच होता, घोड्यांच्या हौदापाशी गोळी खाणारा. म्हणजे मी.

मार्डेलचा काटा केकमध्येच थांबला. तिने माझ्याकडे पाहिलं, मी कॉफीकडे पाहिलं.

तू आता खुर्चीत ताठ होऊन बसला असशील. त्या दिवसांत स्टुडिओवाले नवा सिनेमा गावोगाव पाठवायच्या आधी कुठल्यातरी आडबाजूच्या थिएटरात एकदा लावून बघायचे, आणि लोकांकडून मत लिहून घ्यायचे, हे तुझ्या हाडात बसलंय. त्या दिवशी रिव्हरसाइडला आपण दोघं मागच्या रांगेत बसलो होतो. तुझा सीन आला आणि पुढचा एक जण खोकायला लागला, दुसरा कोणी हसला, पोरी उठून मक्याच्या लाह्या आणायला गेल्या. म्हातारा फार वेळ खातो असं कुणीतरी लिहून दिलं, आणि दुसऱ्याच दिवशी वरच्या साहेबाने तुझा सीन कापायला लावला. सीन गेला तशी तुझी भूमिकाच गेली, भूमिका गेली तसं नाव गेलं. पोस्टाने दाढी लावून उभं राहिल्याचे पैसे तेवढे आले. वर्षाच्या आत तू बायकोला, ओपलला, घेऊन दूर किंगमनला गेलास आणि टायर विकायला बसलास. निघताना गाडीच्या खिडकीतून मला म्हणालास, “मी आयुष्यात एकच गोष्ट नीट केली रे हॉबी, आणि ती कोणी पाहिलीच नाही.” मी गाडीच्या टपावर थाप मारली, आणि पुढे एवढ्या वर्षांच्या नाताळाच्या कार्डांत नुसती हवापाण्याची चौकशी केली.

डेनिस पानं ठेवून गेला, विचार करून सांगा म्हणाला. आता तुझ्यापासून काय लपवू, मला ते काम हवं होतं. फार हवं होतं. एकदा तरी पडद्यावर मी मरण्याआधी लोकांनी मला पुरतं पाहावं, ही हाव मला रोज सकाळी आरशात दिसते. मी मागच्या अंगणात जाऊन ती दोन पानं पाठ केली. मार्डेल दोरीवर चादरी वाळत घालत होती. माझं बोलणं संपेपर्यंत हलली नाही. मग म्हणाली, “छान म्हटलंस. सगळं पाठ झालंय तुला.” तिने आणखी एक चिमटा लावला आणि म्हणाली, “पण हॉबी, तुझं पोर मेलेलं नाही वाटत. तुला काम मिळालंय, असं वाटतं.” चाळीस वर्षं ही बाई माझ्याबरोबर आहे, एवढं खरं कधी बोलली नव्हती. मी तिथेच पायरीवर बसलो. राग आला, मग तोही येईना. इतका थकवा मला दिवसभर घोड्यावर काढूनही कधी आला नव्हता.

दुसऱ्या दिवशी डेनिसला फोन लावला. म्हटलं, बाळा, तो म्हातारा मी नव्हे. आम्ही दोघांनी एकाच पेटीतल्या दाढ्या लावल्या होत्या. तो माझा मित्र व्हर्जिल स्टँपर, आणि तो सीन त्या एका खेळाखेरीज कुठेही दाखवला गेला नाही. तो हळूच म्हणाला, “म्हणजे होता? सर, खरंच होता तो सीन?” आणि चांगला दाढीमिशा आलेला माणूस लहान पोरासारखा रडायला लागला. मलाही राहवलं नाही. रडणं आवरल्यावर त्याने मोठेपणा दाखवला. म्हणाला, मी शब्द दिलाय, काम तुमचंच, तुम्ही हो म्हणा. हा धंदा असा, व्हर्जिल, की इथे असा शब्द पाळणारा शेवटी शेवटी भेटतो. मी नाही म्हटलं, ज्याचा सीन त्यालाच विचार म्हटलं. म्हणताना जीभ जड झाली, हेही लिहून ठेवतो, नाहीतर उगाच मी संत वाटेन. मार्डेलने माझ्यापुढे केकचा उरलेला तुकडा सरकवला.

तर एवढ्यासाठी हे पत्र. शनिवारी दुपारी डेनिस तुझ्याकडे येतोय. पत्ता मी दिलाय. तू फोन कधीच उचलत नाहीस, म्हणून आधी कळवतोय. तू ते काम घ्यावंस असं मला वाटतं, पण तसा आग्रह करत नाही. तुझी पाठ, तुझं वय, तुझा राग, सगळं तुझं आहे. हवं तर नाही म्हणून हाकलून दे त्याला. पण आधी ओपलला बाहेर बोलाव, तिलाही ऐकू दे, आणि त्याच्या तोंडून सगळं ऐकून घे, तो कुठे बसला होता, मामा काय म्हणाला, तू पहिला कप कुठल्या हातात धरलास. त्याला सगळं आठवतं. पंचवीस वर्षं तू त्या थिएटरातला खोकणारा माणूस मनात घेऊन बसलायस. त्याच्या पुढच्या रांगेत एक पोरगा होता, व्हर्जिल, आणि त्याने पाहिलं.

तुझाच,
हॉबर्ट