विंगेतल्या तालमी

१२ जानेवारी

प्रिय ताई,

‘सप्रेम नमस्कार’ लिहिलं की तुला वाटतं, हिला काहीतरी हवंय. म्हणून नुसतंच ‘प्रिय’. तू बरी असशील, वेळेवर जेवत असशील आणि माझं अक्षर पाहून कपाळाला आठी घातली असशील, असं धरून चालते. फोनवर मी जरा कुठे बोलायला लागले की तू ‘पेशंट आलेत’ म्हणून ठेवतेस. पत्राला तसं सांगता येत नाही, म्हणून हा उद्योग.

काम कसं चाललंय? दवाखान्याच्या काउंटरवर बसून तू लोकांची नावं पुकारतेस, हे आठवलं की मला हसू येतं. तुझा तो कमावलेला आवाज! रस्त्यापलीकडच्या दुकानातली माणसंही आपलीच पाळी आली समजून उठत असतील.

इकडे नवं नाटक उभं राहिलंय, आवाजाची बाजू नेहमीप्रमाणे माझ्याकडे. आमच्या नेपथ्यवाल्याने यंदा लाकडाचा खराखुरा जिना बांधलाय आणि त्यातली मधली एक पायरी करकरते. दिग्दर्शक म्हणाले, ‘दुरुस्त करा.’ मी आडवी आले. म्हटलं, असला आवाज मला महिनाभर शोधून मिळाला नसता, हात लावू नका. पायरी वाचली. पावसाचा आवाज मात्र अजून जमत नाहीये. परवा तालमीत मी झकास मुसळधार पाऊस पाडला, तर मेकअपवाला आतून ओरडला, ‘काय तळताय?’

तू नाटकात होतीस तेव्हा माइक वर टांगलेले असायचे. आता प्रत्येक नटाच्या अंगावर कॉलर माइक असतो आणि पाठीला त्याची बॅटरीची डबी. नट आत गेला की मिक्सरवरची त्याची कळ मी खाली ओढते, म्हणजे प्रेक्षकांना काही ऐकू जात नाही. पण पुढच्या एंट्रीआधी माइक चालू आहे ना, हे मला हेडफोन लावून ऐकावंच लागतं. त्यामुळे विंगेतलं सगळं माझ्या कानात. कुणाचं पोट बिघडलंय, कोण कुणावर जळतंय, कोण एंट्रीआधी देवाला काय काय कबूल करतंय. आमच्या कामात एक रीत आहे, कानात पडलं ते कानातच ठेवायचं. मी, घरातली दवंडी पिटणारी, ही रीत पाळते. विश्वास ठेव अगर नको.

आई बरी आहे. या नाटकातलं तिचं काम चांगलं होतंय. ती तुझ्याबद्दल काही विचारत नाही, असं लिहिणार होते, पण ते अगदी खरं नाही. असो.

तुझा नवा नंबर मी कुणाला दिलेला नाही. शब्द दिला तो दिला. पण उद्या कुणी मागितलाच तर काय करायचं, हे तू सांगितलं नाहीस.

तुझी,
धाकटी


१६ फेब्रुवारी

प्रिय ताई,

तुझं उत्तर मिळालं. चार ओळी, त्यातल्या दोन हवामानाच्या. शेवटी ठळक अक्षरात, ‘आईबद्दल लिहू नकोस.’

बरं. आईबद्दल नाही लिहीत. एका नटीबद्दल लिहिते. तू तिला ओळखत नाहीस.

ही नटी म्हणजे मोठं नाव आणि दुखरे गुडघे. दुसऱ्या अंकात तिला जिन्यावरून उतरत यायचं असतं. एकदा वर चढली की पुन्हा रंगपटात जाऊन येणं गुडघ्यांना परवडत नाही, म्हणून ती बरीच आधी वर जाऊन पडद्याआड अंधारात उभी राहते. एकटी. आणि तिथे ती फोन करते. हातात फोन नसतो, नुसता करते. ‘हॅलो, मी बोलतेय. कामात आहेस का? नंतर करू का?’ असं म्हणते आणि स्वतःच ठेवून देते. दुसऱ्या प्रयोगाला वेगळं काही. ‘मोठी माणसंही कधी कधी चुकतात, पण लहानांनीसुद्धा…’ आणि मग स्वतःवरच वैतागून, ‘छे, भाषण झालं.’ एकदा तर चक्क तावातावाने, ‘नंबर बदललास, घर बदललंस, आई बदलता येते का?’ त्या दिवशी मला वाटलं, ही आता जिना उतरताना आदळणार. पण नाही. वेळ झाली की उतरते आणि जणू काही झालंच नाही अशा आवाजात म्हणते, ‘दिवा नाही लावलास?’ हे तिचं नाटकातलं वाक्य.

प्रत्येक प्रयोगाला नवी तालीम. पसंत एकही पडत नाही.

या नटीला एक मुलगी आहे. तीही नाटकात होती आणि उत्तम होती. तीन वर्षांपूर्वी तिला आईच्या बरोबरीची भूमिका मिळाली. तालमी झाल्या, पाठांतर झालं आणि प्रयोग तोंडावर आलेला असताना आईनेच दिग्दर्शकाला सांगितलं, ‘ही नको, दुसरी बघा.’ मुलीला हे कळलं कुणाकडून, तर शिंप्याकडून. त्याने मापं घ्यायला दुसरीला बोलावलं होतं. मुलगी घर सोडून निघून गेली. योग्य केलं तिने. मी असते तर जाताना शिंप्याची कात्रीही घेऊन गेले असते.

मी नाव कुणाचंच घेतलेलं नाही, तेव्हा रीत मोडली असं होत नाही. निदान मी स्वतःची तशी समजूत घालते.

तुझी,
धाकटी


११ मार्च

प्रिय ताई,

आज नटी वगैरे काही नाही. आई. पत्र फाडायचंच असेल तर शेवटपर्यंत वाच आणि मग खुशाल फाड.

काल दुपारच्या प्रयोगात माझ्या हातून मोठी चूक झाली. दुसरा अंक चालू होता. आईच्या नवऱ्याचं काम करणारे काका स्टेजवर एकटेच खुर्चीत बसलेले, आई वर पडद्याआड. मी हेडफोन लावून तिचा माइक तपासत होते. सुरुवात नेहमीची. ‘हॅलो. मी बोलतेय.’ मग ती थांबली. पुढचं इतकं हळू बोलायला लागली की शब्द लागेनात. मी वाकले, कान दाबून धरले. हेडफोनचा आवाज वाढवायचं बटण कुठे आहे ते मला झोपेतही सापडेल. पण ऐकायची ओढच अशी की हात गेला तो तिच्या माइकच्या कळीवर, आणि मी ती वर सरकवली. पार वरपर्यंत.

सगळ्या थिएटरात आईचा आवाज भरला.

‘तू वाईट करत नव्हतीस गं. फार चांगलं करत होतीस. सगळे तुझ्याकडेच बघायला लागले आणि मला ते सोसलं नाही. मी चुकले.’

कळ खाली ओढायची एवढं साधं काम, पण हात हलेना. थिएटर भरलेलं, आणि कुणी खोकलंसुद्धा नाही. लोकांना वाटलं, हे नाटकातलंच. काका मुरलेले. त्यांनी सावकाश मान वर केली, जिन्याकडे पाहिलं आणि विचारलं, ‘कुणाशी बोलतेस?’ पायरी करकरली. आई उतरून आली आणि म्हणाली, ‘दिवा नाही लावलास?’ जिथलं वाक्य तिथे, जसंच्या तसं. टाळ्या पडल्या, ताई. त्या प्रवेशाला आजवर कधी टाळी पडलेली नाही.

प्रयोग संपल्यावर दिग्दर्शक नाचतच आत आले. ‘बाई, काय सुचलं तुम्हाला! हे ठेवू या. रोज ठेवू या.’

आई म्हणाली, ‘नाही. ते वाक्य या नाटकातलं नाही.’

तिच्या पाठीवरची डबी मीच सोडवते. काल पट्टी निघता निघेना. आरशात बघतच तिने विचारलं, ‘कधीपासून ऐकतेस?’

‘पहिल्या प्रयोगापासून.’

‘सगळं?’

‘सगळं.’

मला वाटलं, आता कानशिलात बसणार. ती कपाळावरचा रंग पुसत राहिली. मग म्हणाली, ‘मग बोलली का नाहीस? सुरुवात पडत होती ना?’

‘पडत होती,’ मी म्हटलं. ‘फारच पडत होती, आई.’

आणि आम्ही हसायला लागलो. हसता हसता रडायला लागलो. मेकअपवाला दारात आला आणि ‘मी नंतर येतो’ म्हणून पळाला.

मग ती बोलली. माझ्याकडे न बघता. ‘कानामागून आली आणि तिखट झाली, असं वाटलं मला. पोटच्या पोरीबद्दल. असं कुणा आईला वाटतं का गं?’ मी तिची डबी पुसत बसले. मग तिने विचारलं, ‘तिचा नंबर आहे तुझ्याकडे?’

‘आहे. पण देणार नाही. ताईला शब्द दिलाय.’

‘बरं केलंस,’ म्हणाली. ‘आधी तिला विचार.’

म्हणून विचारतेय. मी कालही तुझ्या बाजूची होते, आजही आहे. ‘शेवटी आई आहे, जाऊ दे’ असलं काही मी लिहिणार नाही. तिने केलं ते वाईटच केलं, आणि तुझी इतकी वर्षं एका फोनने भरून निघत नाहीत. पण ताई, मला तू हवी आहेस. घरात, रंगपटात, माझ्या पावसाला नावं ठेवायला. तुझ्याशिवाय आम्ही दोघी एका टेबलाच्या दोन बाजूंना बसून जेवतो आणि मीठ हवं का एवढंच विचारतो.

या नाटकाचे थोडेच प्रयोग उरलेत. गुडघ्यांमुळे आईने ठरवलंय की हे तिचं शेवटचं. त्यानंतर तो जिना नाही, तो अंधार नाही, तालमीही नाहीत. तालीम सुटली की ती धीर सोडेल आणि फोन कधीच करणार नाही. मी तिला ओळखते.

नंबर देऊ का? नाही म्हणालीस तर पुन्हा विचारणार नाही.

वाटेकडे डोळे लावून बसलेली,
धाकटी


२८ मार्च

प्रिय ताई,

एवढं मोठं पाकीट आणि आत एकच अक्षर! ‘दे.’ शाई महाग झाली का तिकडे? मी ते अक्षर उलटंसुलटं करून पाहिलं, मागे काही लिहिलंय का तेही पाहिलं आणि मग स्वयंपाकघरात उभ्याउभ्या मोठ्याने रडले. आईला वाटलं, नकार आलाय. तिने नुसतं ‘असू दे’ म्हणून माझ्या पाठीवरून हात फिरवला. मी कागद तिच्या हातात दिला तेव्हा तिने चष्मा शोधायला घेतला, आणि तो तिच्या डोळ्यांवरच होता.

रविवारी तुला फोनवर काय ऐकू आलं ते तुला माहीत आहे. इकडे काय चाललं होतं ते तुला कळणार नाही, म्हणून लिहिते.

सकाळी उठून तिने वाफ घेतली. गुळण्या केल्या. प्रयोगाला निघताना घालते तसे ठेवणीतले कपडे घातले. मी म्हटलं, ‘अगं फोन आहे, तू दिसणार नाहीस.’ तर म्हणे, ‘आवाजात उतरतं.’ मग नंबर लावायला घेतला. पहिल्यांदा चुकून कुणा सुताराला लागला. त्याच्याशीही ती घाबरून इतक्या अदबीने बोलली की त्याने कपाट कधी बघायला येऊ म्हणून विचारलं. तो गुरुवारी येतोय. आपल्याकडे दुरुस्त करण्यासारखं कपाट कुठलं ते आता शोधायला हवं.

दुसऱ्यांदा बरोबर लागला. तुझं ‘हॅलो’ मला दारापर्यंत ऐकू आलं. आवाज शाबूत आहे तुझा, बरं वाटलं. आईने तोंड उघडलं, आणि गेलं. सगळं गेलं. आयुष्यभर स्टेजवर एक शब्द न विसरलेली बाई, पार कोरी झाली. मी पहिलं वाक्य पुरवायला पुढे झाले तर तिने हात वर करून मला थांबवलं. आणि म्हणाली, ‘तुला सर्दी झालीय का गं?’

इतक्या तालमी ऐकल्या मी, पण त्यांत हे वाक्य एकदाही नव्हतं.

त्यावर तू काय म्हणालीस मला माहीत नाही. आई मात्र होती तिथेच खाली बसली, जमिनीवर, त्या गुडघ्यांनिशी. फोन दोन्ही हातांनी कानाशी धरून ठेवलेला. मग मी तिथे आहे हे तिच्या लक्षात आलं आणि तिने मला खुणावलं, जा, बाहेर जा.

गेले. जाताना दार ओढून घेतलं. माझा स्वभाव तुला ठाऊक आहे, भिंतीला कान लावायची मला जन्माची खोड. पण स्वयंपाकघरात जाऊन मी नळ मोठा सोडला आणि घासलेली भांडी पुन्हा घासायला घेतली. तेवढी संपली तेव्हा कपाटातली काढली. नळ बंद केला नाही.

बऱ्याच वेळाने ती आली. डोळे सुजलेले, केस विस्कटलेले. भांड्यांचा ढीग पाहिला आणि नळ बंद केला. म्हणाली, ‘पुढच्या रविवारी ती करणार आहे.’ आणि भांडी पुसायला लागली.

तुम्ही काय बोललात ते मी तिला विचारलं नाही. तूही मला सांगू नकोस.

या वेळी एकही शब्द न ऐकलेली,
तुझी धाकटी