अण्णा, तुम्हाला तो शब्द कळला होता

प्रिय अण्णा,

तुम्ही गेल्यावर तुम्हाला पत्र लिहीन असं कधी वाटलं नव्हतं. बोलणं मनातल्या मनात चालायचंच. पण काल आईला डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं आणि तिथे तुमची वंदना भेटली. ती जे बोलली ते कालपासून डोक्यातून जात नाही. आईला सांगायचा धीर होत नाही, तुमच्या लेकाला, सुहासला, फोनवर सांगण्यासारखं नाही. मग राहिलात तुम्हीच. तुमच्याविषयीच तर आहे!

वंदना आठवते ना? जासईची, मिठागरवाल्यांची. दहावीपर्यंत ‘हरितद्रव्य’ घोकलेली ती पोरगी अकरावीत ‘क्लोरोफिल’ ऐकून रडत आपल्या घरी आली होती. “सर, माज्याच्यानं नाय व्हनार. मी कालेज सोरतंय.”

तुम्ही आधी तिला चहा दिलात. मग विचारलंत, “काय गं, खेकडा अख्खा गिळतेस का?”

“नाय सर. मोडून खातो आमी.”

“मग शब्दही मोडून खायचा! क्लोरो म्हणजे पोपटी. फिल म्हणजे पान. झाला की नाही पोपटी पानाचा रंग? तळोज्याच्या कारखान्यात तो क्लोरीन असतो ना, तोही पोपटीच. दोघं एका कुळातले, एक जगवतो नि दुसरा नाक जाळतो.”

ती हसली, बारावी झाली, नर्स झाली. आता त्या दवाखान्यात ती डोळ्यांत थेंब घालते.

काय तो तुमचा नाद, अण्णा! मराठी शाळेतला विज्ञानाचा मास्तर, ग्रीस नकाशापलीकडे कधी पाहिलेला नाही, आणि जेवताना ताटावर ग्रीक. आईची साखर वाढली की म्हणायचात, “डायबेटिस म्हणजे आरपार जाणारा. पाणी प्यायचं आणि आरपार!” आई म्हणायची, “आधी वरण घ्या, गार होतंय.” रुळापलीकडे इमारती उभ्या राहायला लागल्या तर तुम्ही त्याला नावच पाडलंत, निओपनवेल! रिक्षावाल्यालासुद्धा सांगायचात, “निओपनवेलला सोड रे बाबा.” तो बिचारा बघतच राहायचा. मग त्यालाही धडा, “निओ म्हणजे नवीन. आपला ‘नव’ आणि त्यांचा ‘निओ’ सख्खे भाऊ.”

आणि अशा माणसासमोर आम्ही काय केलं?

तुमच्या पोटातल्या गाठीचा रिपोर्ट आला तेव्हा सुहास आधी एकटाच मुंबईच्या डॉक्टरांना भेटला. पेशंटसमोर कॅन्सर म्हणू नका, घाबरतील, असं त्यानं बजावलं. कुठल्या घरात वेगळं करतात? डॉक्टरही सवयीचे. तुम्ही तपासून झाल्यावर शर्टाची बटणं लावत होतात आणि ते सुहासकडे बघून इंग्रजीत म्हणाले, निओप्लाझम. मी तुमच्या चेहऱ्याकडे पाहिलं. तुम्ही शेवटचं बटण लावलंत आणि विचारलंत, “म्हणजे औषधं चालू ठेवायची ना?”

खाली आल्यावर सुहास म्हणाला, “बरं झालं, काही कळलं नाही त्यांना.” मीही मान हलवली. आम्हाला स्वतःला तो शब्द नवा होता, म्हणून तुम्हालाही नवाच असणार असं आम्ही धरून चाललो! निओपनवेलवाल्या माणसाला! आज आठवलं की कपाळावर हात मारावासा वाटतो.

आईचं तर विचारूच नका. सकाळी चहाबरोबर पेपरातलं राशिभविष्य मोठ्यानं वाचायचा तिचा नेम. तुमची रास कर्क. रिपोर्ट आल्यापासून तिच्या तोंडून ‘कर्क’ निघेचना. कर्क म्हटलं की पुढचा रोग तोंडात येईल अशी धास्ती. त्यामुळे मिथुन संपली की ती थेट सिंह राशीवर उडी मारायची. पहिल्या दिवशी मी श्वास रोखून बसले होते, आता तुम्ही विचारणार, माझी रास कुठे गेली? तुम्ही बशीतला चहा फुंकत राहिलात.

त्या रोगाला ग्रीक लोकांनीही खेकड्याचंच नाव दिलंय, हे तुम्हीच आम्हाला कधीतरी सांगितलं होतं.

काल डॉक्टरांनी मला आत बोलावून सांगितलं, आईला काचबिंदू आहे. गेलेली नजर परत येणार नाही. उरलेली टिकवायची तर रोज न चुकता थेंब, आणि तेही जन्मभर. बाहेर बाकावर बसलेली आई शेजारच्या बाईंना सांगत होती, “मोतीबिंदू असणार. एकदा काढला की लख्ख दिसेल.” मी खालच्या एसटीडी बूथवरून सुहासला पुण्याला फोन लावला. तो म्हणाला, “मोतीबिंदूच सांग. उगाच हाय खाईल ती.” मी वर आले आणि वंदनाला म्हटलं, “आईसमोर मोतीबिंदूच म्हण हं.”

तिचा चेहरा पडला. मला जिन्याशी नेऊन म्हणाली, “ताई, परत तेच करता तुमी? सरांना सगलं म्हायत होतं.”

तुमच्या आजारपणात ती तुम्हाला बघायला आली होती म्हणे. मी आणि आई औषधं आणायला गेलो होतो. तुम्ही उशीला टेकून बसला होतात आणि तिची तोंडी परीक्षा घेतलीत.

“वंदना, निओ म्हणजे?”

“नवीन, सर.”

“प्लाझम?”

“घडवलेलं.”

“बरोबर. बघ, माझ्या पोटात नवीन पनवेल वसतंय. तेही नकाशा मंजूर न करता.”

ती रडायला लागली तर तुम्ही तिलाच दटावलंत. “घरात बोलायचं नाही. मला कळलेलं नाही या भरवशावर बेबीची आई दोन घास जेवते.”

अहो अण्णा! तिला विचारलंत, मला का नाही विचारलंत? निओ म्हणजे काय ते मलाही येत होतं! एकदा, फक्त एकदा म्हणायचं होतं, “बेबी, प्लाझम म्हणजे काय गं?” मी ओळखलं असतं. मी दार लावून तुमच्याजवळ बसले असते. की मला झेपणार नाही असं वाटलं तुम्हाला? तुमच्याच मुलीला?

ते शेवटचे महिने आपण कशात घालवले हो? मी म्हणायचे, “आज कालपेक्षा बरे दिसताय.” तुम्ही म्हणायचात, “हो, वाटतंय खरं.” दोघंही खोटं बोलत होतो आणि दोघांनाही ते माहीत होतं. भीती वाटते का, कुणाला भेटायचंय का, उरणच्या किनाऱ्यावर एकदा जाऊन यायचंय का, यातलं काहीच मी विचारू शकले नाही. विचारलं असतं तर तुम्हाला कळलं असतं ना! मरणाऱ्या माणसाला एवढंसुद्धा विचारता येऊ नये? याची चुटपुट आता जन्मभर जाणार नाही.

आई अजून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगते, “त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही, तेवढं एक देवानं बरं केलं.” पाच वर्षं ती त्या एका वाक्यावर सावरून उभी आहे. ते मी काढून घेऊ?

पण काचबिंदू लपवला तर काय होईल ते मला दिसतंय. ऑपरेशन होणारच आहे म्हणून ती थेंब टाळेल. हळूहळू कडेचं दिसेनासं होईल, दाराच्या चौकटीला धडकेल, आणि आम्हाला वाईट वाटू नये म्हणून म्हणेल, छे, लख्ख दिसतंय. तुमच्यासारखीच.

तुमच्या शब्दकोशात मी काचबिंदूचा इंग्रजी शब्द शोधला, ग्लॉकोमा. ग्लॉकोस, निळसर करडा. तुम्ही त्यावर तासभर बोलला असतात. मी कोश मिटून ठेवला.

आई आत झोपलीय. उठली की चहा करणार आहे आणि तिला सांगणार आहे, आई, हा मोतीबिंदू नाही, काचबिंदू आहे, आणि त्याचा अर्थ असा असा. ती काही भोळी नाही. ती लगेच विचारेल, “मग ह्यांनाही असंच सांगायला हवं होतं का गं?”

त्यावर मी गप्प बसणार नाही, अण्णा. तुम्हाला कळलं होतं हे मी तिला सांगेन. तुम्ही बजावलं होतंत, तुमचा शब्द मोडतेय, रागवा हवं तर. ती रडेल, कदाचित माझ्यावर चिडेल, दोन दिवस जेवणार नाही. पण तुम्ही ते सगळं भरल्या घरात एकट्यानं सोसलंत. तिला मी एकटं सोसू देणार नाही, हे तुम्हाला वचन.

तुमची,
बेबी