जवळचं वाचायचं कार्ड

रविवार, ९ मार्च

तीर्थरूप दादा,

तुला साष्टांग नमस्कार, आणि तुझ्या नव्या गुडघ्याला वेगळा. ऑपरेशनसाठी लेकाकडे गेलास त्याला पाच महिने झाले. वहिनी सांगते की आता जिने चढतोस आणि व्यायाम करून घेणाऱ्या मुलीशी भांडतोस, म्हणजे प्रकृती ठणठणीत आहे. इकडे दुकानही ठीक. शटर अजून अडकतं, खालच्या कोपऱ्यात लाथ मारली की मुकाट्याने वर जातं.

एक गुन्हा कबूल करते. नंबर काढताना आपण गिऱ्हाइकाच्या हातात जवळचं वाचायचं कार्ड देतो ना, त्याच्या इंग्रजी बाजूवर मी दुसराच उतारा चिकटवला आहे. तुझ्या जुन्या उताऱ्यातलं ते विहिरीतलं कासव बारा वर्षं ऐकून माझे कान किटले होते. नवा उतारा जरा जड आहे. परवा बेकरीवाल्या मावशी चाचणीची फ्रेम नाकावर ठेवून बराच वेळ कार्डाकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "अगं, नंबर चुकला तुझा. दिसतंय सगळं, पण कळत काहीच नाही!"

"मावशी, माझंही तेच होतंय," मी म्हटलं. दोघी पोट धरून हसलो. मग त्यांचा नंबर मराठी बाजूवर काढला.

असला उतारा आणलास कुठून, असं विचारशील. सांगते, जरा दम धर.

प्रूफवाले आजोबा आठवतात? छापखान्यात चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका काढणारे? त्यांनी तो उतारा एका दमात वाचला आणि विचारलं, "पुढचा भाग कुठाय?" तेव्हापासून चष्म्याचा स्क्रू सैल झाल्याचं निमित्त काढून दर मंगळवारी येतात. उताऱ्याखाली प्रश्न असतात, लेखकाचं म्हणणं काय, चारांतून एक निवडा. मी हमखास चुकीचं निवडायची. आजोबा म्हणाले, "पानावर आहे तेवढंच वाच, पोरी. पदरचं घालू नकोस." किती सोपं वाटतं ऐकायला! मला तेवढं जमायला तीन महिने लागले.

शब्दांचं मात्र मी एकटीनेच जमवलं. भिंगांच्या रिकाम्या पाकिटांवर रोज दहा इंग्रजी शब्द लिहायचे आणि प्रत्येक शब्द ओळखीच्या माणसाला चिकटवायचा. 'हट्टी'ला इंग्रजीत नऊ शब्द निघाले. चार तुला दिले, तीन वहिनीला, उरलेले दोन मी ठेवले. 'कंजूष'चे सगळेच्या सगळे घरमालकाला गेले.

तर, हे सगळं एका परीक्षेसाठी, कार्डावरचा उताराही तिच्याच सरावाच्या पुस्तकातला. परदेशातल्या विद्यापीठात दृष्टिविज्ञान शिकायचं तर आधी ही परीक्षा द्यावी लागते, आणि तिच्यातलं इंग्रजी भल्याभल्यांना पाणी पाजतं. जानेवारीत मी ती दिली. दात दुखतोय म्हणून एक दिवस दुकान बंद ठेवलं, असं तुला सांगितलं होतं बघ. तो दात हाच. खोटं बोलले, माफ कर.

आता खरं अवघड ते लिहिते. बारा वर्षांपूर्वी मी पुढे शिकायचं म्हटलं, तेव्हा तू दोनच शब्द बोललास. "आत्ता नको." बाबांना जाऊन चार महिने झाले होते आणि दुकानात तू एकटा होतास. मी ते "कधीच नको" असं वाचलं आणि तुझ्याशी हसतखेळत बोलत बारा वर्षं मनातून रुसून बसले. परीक्षा झाली तरी आजोबांचे प्रश्न चालूच आहेत; गेल्या मंगळवारी त्यांच्यासमोर एक उत्तर पुन्हा चुकलं, तेव्हा एकदम लख्ख कळलं. 'कधीच' तू म्हणालाच नव्हतास, ते माझ्या पदरचं होतं. तू तेव्हा बरोबर होतास असं मात्र मी अजिबात म्हणत नाही. मी चुकीचं वाचलं, एवढंच.

निकाल शेवटी सांगते, कारण त्यात एक अडचण आहे. सगळ्या गावाला चष्मे लावणारा माझा भाऊ स्वतः काही चष्मा लावत नाही. दिव्याखाली अंधार! म्हणजे हे पत्रसुद्धा वहिनीच मोठ्याने वाचून दाखवत असणार. वहिनी, आता थांब आणि कागद त्याच्या हातात दे. पार्सलमध्ये एक डबी आहे, तीही दे. दादा, जाताना तुझा नंबर मी गप्पांच्या नादात काढून घेतला होता. फ्रेम तुला शोभेल अशी घेतली आहे. जूनमध्ये परत येऊन तू स्टुलावर बसशील, तेव्हा हा चष्मा लागेलच. मंगळवारचे आजोबाही तुझ्याकडे येतील. कासव त्यांना चालणार नाही, आधीच सांगते.

लावलास? मग वाच. कार्डावरच्या सगळ्यात बारीक ओळीएवढं अक्षर काढते आहे.

मला प्रवेश मिळाला, दादा! ऑगस्टमध्ये निघायचं आहे. होकार मी काल कळवून टाकला, म्हणजे परवानगी मागत नाहीये. पण कालपासून आनंद पोटात मावत नाही आणि तुझ्याआधी तो कुणाला सांगावासा वाटला नाही. हे दिसलं असेल तर लगेच फोन कर. फार बोलू नकोस. तेव्हाच्या दोन शब्दांतला फक्त पहिला म्हण.

उशिरा का होईना, वाचायला शिकलेली,
तुझी धाकटी